आमच्या गाडीतली खाट

“तुम्ही जा, मी घर सांभाळते.”

सासूबाईंचं हे वाक्य आमच्या घरात इतकं पाठ झालं होतं, की सुट्टीचा विषय निघाला की माझी लेक त्यांच्या आधी तेच म्हणून टाकायची. आई हसायच्या, आम्हीही हसायचो. मग शनिवारी सकाळी त्यांच्या जेवणाची सोय करून आम्ही तिघं निघून जायचो.

आम्ही इंदूरचे. माझ्या सासरची ही माळव्यातली चौथी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. इथून मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, सगळं साधारण शंभर किलोमीटरवर. दोन दिवसांच्या सुट्टीला आणखी काय हवं? पण सासरे गेल्यापासून आई कुठेही आल्या नाहीत. गुडघे दुखतात, एवढंच सांगायच्या. आम्हीही मनाशी ठरवून टाकलं होतं की दुःख आहे, वय आहे आणि थोडा हट्टही आहे.

खरं कारण कळलं ते उज्जैनच्या एका लग्नानंतर. अगदी जवळच्या नात्यातलं लग्न, म्हणून आई कशाबशा आल्या. परत आलो आणि तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला आणि विचारलं, “पाणी किती पिता, आजी?” आई काहीच बोलल्या नाहीत.

त्या रात्री त्यांच्या पायांना तेल लावत बसले होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “लग्नघरात संडास जिना उतरून, अंगणाच्या टोकाला होता गं. मला रात्री तीनदा उठावं लागतं. अंधारात कोणाकोणाला उठवू? म्हणून सकाळपासून पाणीच घेतलं नाही.”

माझा हात तिथेच थांबला. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. बाहेर जायचं असलं की आई चहा अर्धाच कप घ्यायच्या. कोणाकडे गेलं की सरबताचा पेला ओठांना लावून खाली ठेवायच्या. आम्ही त्याला पथ्य समजत होतो.

रात्री वारंवार उठावं लागणं हे नुसतं वयामुळे असतं असं नाही. आम्ही साखर तपासून घेतली. डॉक्टरांनी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहिल्या. त्यातली लघवी वाढवणारी एक गोळी त्या संध्याकाळी घेत होत्या, ती सकाळी घ्यायला सांगितली. तीनदाचं दोनदावर आलं. तुमच्याही घरात कोणी असं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लाजेपायी ही गोष्ट वर्षानुवर्षं कोणी बोलत नाही.

पण रात्री दोनदा तरी उठायचंच होतं. आणि आईंनी एकदा मन मोकळं केल्यावर “आम्ही जातो” म्हणून निघणं मला जमेना.

याच सुमाराला माझा नवरा रात्री मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. कोणी मोठ्या व्हॅनमध्ये ओटा केलेला, कोणी टपावर सौर पॅनेल लावलेलं, कोणी आत न्हाणीघरसुद्धा बसवलेलं. त्याने एकदोन ठिकाणी चौकशी केली, तर आकडे लाखांत निघाले. आमच्याकडे आहे जुनी वॅगनआर. तीही महिन्याच्या हप्त्यांतून नुकतीच सुटलेली.

एकदा जेवताना लेक म्हणाली, “पण बाबा, आपल्याला न्हाणीघर कुठे हवंय? आजीला फक्त झोपायला जागा आणि जवळ बाथरूम पाहिजे.”

तिच्या या एका वाक्यावर आमची गाडी तयार झाली.

कामाला लागण्याआधी नवऱ्याने कायदा वाचला आणि ते बरंच झालं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत, म्हणजे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाला सोडून, आपल्या मनाने बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. म्हणून आम्ही नियम केला की गाडीला एकही भोक पाडायचं नाही, एकही सीट काढायची नाही. जे करायचं ते सामानासारखं आत ठेवता यावं आणि सोमवारी सकाळी बाहेर काढता यावं. सोमवारी तीच गाडी नवऱ्याला ऑफिसला न्यायची असते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सुतारमिस्त्रींचं दुकान आहे. नवरा कागदावर नकाशा काढून त्यांच्याकडे गेला. त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “पहले माताजी का नाप लो, गाड़ी का बाद में।”

मग रविवारी सकाळी फाटकापाशी गाडी लावून आईंचं माप घेतलं. आधी त्यांचा नकार, “शेजारी काय म्हणतील?” मग लेकीने गाडीत गादी अंथरली, स्वतः आडवी झाली आणि आजीला हात धरून बोलावलं. आई बसल्या, मग पाय वर घेतले, मग आडव्या झाल्या. उंची पाच फूट. कुशीवर वळताना गुडघे किती पुढे येतात, उठताना हात कुठे टेकतात, पाय खाली सोडल्यावर जमिनीला टेकतात का, हे सगळं मिस्त्रींनी पाहिलं. नकाशात यातलं काहीच नव्हतं.

खाट कशी झाली ते सांगते. वॅगनआरची मागची सीट पुढे पाडली की डिकीची जमीन खाली राहते आणि पाडलेली सीट वर येते, मध्ये पायरी पडते. ती पायरी भरून काढायला डिकीत १२ मिलिमीटर प्लायवुडची एक पेटी केली. लांबी २४ इंच, रुंदी ३८ इंच. पेटीच्या झाकणाला बिजागऱ्यांवर दोन फळ्या, प्रत्येकी २१ इंचांच्या. त्या उलगडल्या की पहिली पाडलेल्या सीटवर टेकते आणि दुसरी पुढच्या सीटमागच्या पोकळीवर येते. तिला खाली दोन घडीचे पाय. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या की साडेपाच फुटांची सपाट खाट मिळते. गाडी चालू असताना फळ्या मिटून पेटीवर, मागची सीट उभी, आणि आई पट्टा बांधून नेहमीसारख्या बसलेल्या. चालत्या गाडीत कोणी खाटेवर आडवं व्हायचं नाही, हा दुसरा नियम.

पेटी पट्ट्याने घट्ट बांधायची, हेही मिस्त्रींनीच सांगितलं. जोरात ब्रेक लागला तर सैल सामान पुढे येऊन डोक्यात बसतं.

राहिला मुख्य प्रश्न. औषधांच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली भांडं असलेली. ती आणली. भांड्यात जाड पिशवी आणि तळाला मूठभर लाकडाचा भुसा. भुसा ओल शोषून घेतो आणि वासही बराच दबतो. तो आम्हाला मिस्त्रींनी खाटेच्या कामातलाच पोतंभर दिला. आडोशासाठी डिकीचं दार वर उघडलं की तेच छप्पर होतं. त्याला दोरी बांधून आईंच्या दोन जुन्या सुती साड्या चारी बाजूंनी सोडल्या. खाटेवरून उठायचं, दोन पावलं टाकायची आणि तिथेच खुर्ची. ना जिना, ना अंगण.

खुर्ची घरात आली तेव्हा आईंनी तिच्यावर चादर टाकून ठेवली होती. पाहुणे आले की लेकीला सांगायच्या, “ते आत ने.”

पहिली रात्र आम्ही कुठेही गेलो नाही. नोव्हेंबरातला शनिवार होता. आई आणि मी आमच्याच अंगणात गाडीत झोपलो. हे प्रत्येकाने करावं असं मी सांगेन, कारण त्या एका रात्रीत आमच्या पाच चुका बाहेर पडल्या.

पहिली चूक, थंडी म्हणून सगळ्या काचा बंद केल्या. पहाटे काचांवरून पाणी ओघळत होतं, पांघरूण ओलसर झालं होतं आणि माझं डोकं जड. दोन माणसांच्या श्वासाची वाफ कुठे जाणार? आता समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या असतात. दुसरी चूक डासांची. खिडकीला अडकवलेली जाळी रात्रीत सुटून पडली. मग जाळीच्या कडेला चुंबकाची पट्टी शिवली, ती दाराच्या लोखंडी चौकटीला आपोआप चिकटते. तिसरी, गादी. एक इंचाच्या गादीवर आईंच्या कंबरेने तक्रार केली, म्हणून तीन इंचांचा फोम घेतला. चौथी, उंची. उतरताना आईंचा पाय लटकायचा, म्हणून खाली ठेवायला रुंद पायाचं एक स्टूल आलं.

पाचवी सगळ्यात गमतीची. डिकीचं दार रात्रभर उघडं, त्यामुळे आतला दिवा रात्रभर चालू. सकाळी गाडी सुरूच होईना. अंगणात होतो म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीला केबल जोडून निभावलं. आता दिव्याचं बटण आधी बंद करतो, आणि रात्रीचा छोटा पंखा व दिवा वेगळ्या पॉवर बँकवर चालतो.

काही गोष्टी मात्र चूक करून शिकायच्या नसतात. एसी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही, कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो, त्यामुळे झोपेतच माणूस जातो. गाडीत शेगडी पेटवायची नाही, डासांची अगरबत्तीही लावायची नाही. चहाची छोटी गॅस शेगडी बाहेर, उघड्यावर. तिचा डबा उन्हात तापणाऱ्या बंद गाडीत ठेवायचा नाही.

खर्चाचा हिशेब लेकीने वहीत लिहिला आहे. प्लायवुड २,६००, बिजागऱ्या, पाय, स्क्रू ७००, मिस्त्रींची मजुरी २,५००, फोम आणि खोळ ३,२००, जाळी आणि चुंबक पट्टी ६५०, काचा झाकायला चंदेरी फुगेदार शीट ५००, पंखा आणि दिवा ९००, कमोड खुर्ची १,९००, स्टूल ४५०, नळ असलेला पाण्याचा कॅन ३५०. एकूण १३,७५० रुपये. नवरा आणि लेक यांच्यासाठीचा तंबू नवऱ्याच्या मित्राकडून मागून आणलेला.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही महेश्वरला निघालो. महू मागे टाकून मानपूरचा घाट उतरलो की हवा बदलते, माळव्याचं पठार संपून निमाड लागतं. धामणोदहून आत वळलो. आई मागच्या सीटवर खिडकीशी बसल्या होत्या. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सासऱ्यांबरोबर त्या इथे बसने आल्या होत्या, ते सांगत होत्या. निघताना चहा मात्र त्यांनी अर्धाच घेतला होता.

मुक्काम कुठे करायचा हे आधीच ठरवलं होतं. सुनसान रस्त्याकडेला किंवा नदीच्या काठाला अगदी खेटून गाडी लावायची नाही, जंगल खात्याच्या हद्दीत तर नाहीच. लॉजचं आवार, धर्मशाळेचं अंगण, ओळखीच्यांचं शेत, अशा ठिकाणी आधी विचारून थांबायचं. महेश्वरला मी ज्यांच्याकडून साड्या घेते ते विणकर कुटुंब आहे. त्यांचं अंगण मोठं. फोन केला तर ते म्हणाले, “आँगन में क्यों, घर में सोइए।” त्यांना समजावताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

दुपारी घाटावर गेलो. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलं ते इथूनच. किल्ल्याच्या भिंतीखाली दगडी पायऱ्यांच्या रांगा थेट नर्मदेत उतरतात. आईंनी त्या पायऱ्या पाहिल्या, मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि वरच्याच पायरीवर बसल्या. “मी इथूनच दर्शन घेते,” म्हणाल्या. लेक खाली जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं. पुढचा तासभर त्या नावांकडे बघत बसून होत्या आणि आम्ही कोणीही “चला” म्हटलं नाही.

संध्याकाळी अंगणात गाडी लावली. फळ्या उलगडल्या, गादी घातली, साड्यांचा आडोसा केला. दहा मिनिटांत घर तयार. विणकरांच्या घरातली सगळी मुलं जमली. आणि त्यांच्या मागून काठी टेकत त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाटेवर बसून पाहिलं, गादी दाबून पाहिली. मग आडोशाची साडी बाजूला करून आत डोकावल्या आणि विचारलं, “ये कुर्सी काहे की?”

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, इतक्यात आई उठल्या. घरी जिच्यावर चादर टाकायच्या, त्याच खुर्चीचं झाकण त्यांनी स्वतः उघडलं. भुसा कुठे घालायचा, पिशवी कशी लावायची, हात कुठे टेकायचे, सगळं दाखवलं. “रात को उठना पड़ता है न,” त्या म्हणाल्या. आजींनी आवाज एकदम खाली आणला, “मुझे भी। चार-चार बार। बहू को कैसे बोलूँ?”

त्यानंतर दोघी जणी अर्धा तास त्या खाटेवर बसून बोलत होत्या. काय बोलल्या ते आम्ही ऐकलं नाही. मी आणि त्या घरची सून, आम्ही दोघी चुलीपाशी उभ्या होतो. तिला मी हळूच सांगितलं, जे मला स्वतःला कळायला चार वर्षं लागली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अम्मा शाम के बाद पानी नहीं पीतीं। मैं समझी, आदत है।”

रात्री थंडी होती. आई भिंतीच्या बाजूला, मी दाराच्या बाजूला. दीडच्या सुमारास त्या उठल्या. मी लगेच हात पुढे केला. “झोप तू, मला जमतंय,” म्हणाल्या. स्टूलवर पाय टेकल्याचा आवाज आला, साडी सरकल्याचा आवाज आला, मग त्या परत येऊन पांघरुणात शिरल्या. पहाटे पुन्हा एकदा. त्या वेळी मला जागच आली नाही. हे त्यांनीच सकाळी सांगितलं, जरा मिरवतच.

सकाळी घरातून हातमागाचा ठेका सुरू झाला होता. नवऱ्याने बाहेर शेगडीवर चहा ठेवला. आई स्टूलवर बसून ऊन खात होत्या. मी सवयीने त्यांना अर्धा कप ओतला.

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पूर्ण दे की,” म्हणाल्या. आणि तो संपवून कप पुन्हा पुढे केला.

या चहाबद्दल मी तिथे काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडू आलं असतं. एखादं माणूस आपल्याच घरात, आपल्याच माणसांबरोबर वर्षानुवर्षं तहानलेलं राहतं आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो, हे पचवायला मला अजूनही जड जातं.

निघताना नवऱ्याने विणकरांच्या मुलाच्या फोनवर खुर्चीचा फोटो आणि आडोशाची मापं पाठवली. त्यांच्याकडे गाडी नाही, पण खुर्ची आणि साडी यांना गाडी लागतच नाही. आठवड्याने त्या घरच्या सुनेचा फोन आला. आजींची खुर्ची आली होती, त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात, पडद्याआड.

आमची खाट आता सोमवार ते शुक्रवार जिन्याखाली उभी असते. गाडीत ना पॅनेल आहे, ना ओटा. व्हिडिओतल्या गाड्यांपुढे ती अगदीच साधी. तुम्हालाही असं काही करायचं असेल, तर माझं एकच सांगणं आहे. टेप गाडीला लावण्याआधी, घरात जे माणूस नेहमी “तुम्ही जा” म्हणतं त्याच्याजवळ जाऊन बसा. ते का येत नाही ते विचारा, आणि पहिल्या उत्तरावर उठू नका.

परवा लेकीने सुट्टीचा विषय काढला आणि सवयीने आजीची नक्कल केली, “तुम्ही जा, मी घर सांभाळते.”

आई ताटात पोहे घेत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “घराला कुलूप लावता येतं. पावसाळ्यात मांडू दाखवा मला. आणि भुसा जास्त घ्या, मागच्या वेळी कमी पडला होता.”